पीयू सीलंट: दोन उन्हाळे आणि एक पावसाळा वापरून पाहिल्यावर

काच लोखंडाला, लाकडाला किंवा ॲल्युमिनियमला चिकटवायची म्हटली की आपल्याकडे अजूनही पहिला हात सिलिकॉनच्या नळीकडे जातो आणि दुकानदारही न विचारता तीच पुढे करतो. मीही बरीच वर्षे तेच करीत आलो. गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासून मात्र जिन्यावरचे काचेचे छत, मोटारीची पुढची काच आणि दिवाणखान्यातील सागवानी शोकेस अशा तीन कामांत मी पॉलियुरेथेन सीलंट, म्हणजे सांधा भरून चिकटवणारे आणि बाजारात ज्याला सरसकट ‘पीयू’ म्हणतात ते रसायन, वापरून पाहिले. मोटारीचे काम पहिल्याच खेपेला नीट झाले, छताचे काम एकदा फसून दुसऱ्यांदा जमले आणि शोकेसचे काम फसले ते फसलेच. हे परीक्षण कोणा एका कंपनीच्या मालाचे नाही. तिन्ही कामांत वेगवेगळ्या कंपन्यांचा माल होता, आणि पृष्ठभागाच्या तयारीमुळे व नागपूरच्या हवेमुळे जो फरक पडला त्यापुढे कंपनीपरत्वे पडलेला फरक अगदी किरकोळ होता.

आधी या पदार्थाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण दुकानात ते कोणी सांगत नाही. १९३७ साली जर्मनीतील लेव्हरकूझेन येथे ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचे रसायन शोधून काढले. गादीतील फोम, बुटांचे तळवे, लाकडावरचे पॉलिश आणि हे सीलंट ही सगळी त्याचीच भावंडे आहेत. सीलंटच्या पाउचमध्ये जो लोण्यासारखा घट्ट लगदा असतो, त्याच्या रेणूंच्या टोकांना आयसोसायनेट नावाचे गट असतात. ते हवेतील वाफेशी अभिक्रिया करतात, त्यातून थोडा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि रेणू एकमेकांत गुंतून रबर तयार होते. म्हणजेच हा पदार्थ रंगासारखा किंवा फेविकॉलसारखा वाळत नाही. त्यातून पाणी उडून जायचे नसते, उलट पाणी त्यात शिरायचे असते. मुरांब्यात पाक मुरावा तशी वाफ त्यात बाहेरून आत हळूहळू मुरते आणि मुरेल तेवढाच भाग पक्का होतो.

ही एक गोष्ट समजली नाही की पुढचे सगळे अंदाज चुकतात, आणि माझे ते चुकले.

इतवारीतील लोहा ओळीत मी पहिला पाउच घेतला, तेव्हा गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, “काका, सध्या ऊन असं आहे की दोन तासांत खडखडीत वाळून जाते.” मे महिना होता, पारा ४४ अंशांवर होता आणि त्याचे म्हणणे मला पूर्णपणे पटले. पाउचवर मात्र बारीक अक्षरांत छापलेले होते की २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असताना चोवीस तासांत सुमारे ३ ते ४ मिलीमीटर जाडीचा थर पक्का होतो. नागपुरात असा दिवस वर्षातून कितीदा उगवतो, हा प्रश्न बाजूला ठेवू. घरी येऊन मी गणित मांडले. २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत साधारण १० ग्रॅम वाफ असते. आपल्या मे महिन्यातील दुपारी ४४ अंश तापमानाला आर्द्रता १५ टक्क्यांवर येते, तेव्हा त्याच एक घनमीटर हवेत ९ ते १० ग्रॅम वाफ असते. म्हणजे अंगाची लाही करणारे ते ऊन सीलंट आतून पक्के करण्याच्या कामी युरोपातील एखाद्या सुखद खोलीपेक्षा फारसे वरचढ नसते. जुलैत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असते तेव्हा मात्र हा आकडा २३ ग्रॅमच्या आसपास जातो. आपण ज्याला ‘दमट, काहीच वाळत नाही’ असा दिवस म्हणतो, तो पीयूसाठी सर्वांत वेगवान दिवस असतो. आणि डिसेंबरच्या रात्री १२ अंशांवर हवेत जेमतेम ६ ते ७ ग्रॅम वाफ उरते, त्यामुळे थंडीतले काम सर्वांत सावकाश होते.

उन्हाने एक गोष्ट मात्र नक्की घडते. पृष्ठभागावर साय फार लवकर धरते. या सीलंटला साय धरायला सामान्यतः अर्धा ते एक तास लागतो आणि तेवढ्या वेळात काच बसवून दाबायची असते. साय धरल्यानंतर बसवलेली काच वरवर चिकटल्यासारखी दिसते, पण खरी पकड घेत नाही. दुपारच्या उन्हात तापलेल्या लोखंडी चौकटीवर हाच अवधी माझ्या हाती दहा-बारा मिनिटांचा उरला. म्हणजे उन्हाळ्यात दुहेरी फसगत होते: काम करायला वेळ कमी मिळतो आणि वरून कोरडे दिसणारे सीलंट आतून कच्चेच असते. बहुतेक कंपन्या ५ ते ४० अंशांच्या दरम्यान काम करा असे लिहितात. मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांपर्यंत पोहोचलेल्या शहरात या सूचनेचा व्यावहारिक अर्थ एवढाच आहे की उन्हाळ्यातील काम सकाळी आठच्या आत उरकावे.

आता छताकडे वळतो. जिन्यावर लोखंडी अँगलची चौकट आहे आणि तिच्यावर चार फूट बाय तीन फुटांच्या दोन लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा पडदा असलेल्या, काचा आहेत. या काचा पूर्वी सिलिकॉनने बसवलेल्या होत्या, आणि तेही ज्या सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो त्या प्रकारच्या. तो वास ॲसिटिक आम्लाचा असतो. काचेला हे सिलिकॉन उत्तम धरते, पण लोखंडाला ते आम्ल गंजवते. चार पावसाळ्यांत सिलिकॉनखालचा अँगल तांबूस झाला, पापुद्रे सुटले आणि पाणी जिन्यावर ठिबकू लागले. माझ्या सांगण्यावरून एका कारागिराने जुने सिलिकॉन पात्याने खरवडले, थिनरच्या फडक्याने पुसले, अँगलला घरातलाच उरलेला ऑइलपेंट लावला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता पीयू भरून काचा बसवल्या. त्या वेळी यातील प्रत्येक पायरी मला योग्य वाटली होती, हे कबूल केले पाहिजे.

जूनच्या दुसऱ्या मोठ्या पावसात एका काचेची कड सुटली. काच उचलून पाहिली तेव्हा जे दिसले ते या संपूर्ण अनुभवातील सर्वांत शिकवणारे दृश्य होते. एका बाजूला सीलंटची पट्टी अखंड होती आणि तिच्या पाठीला ऑइलपेंटचा थर जसाच्या तसा चिकटून आला होता. सीलंटने रंग धरला होता, रंगाने लोखंड धरले नव्हते. दुसऱ्या बाजूला सीलंट काचेवरून, टेप निघावी तसे, स्वच्छ सुटले होते, कारण तेथे सिलिकॉनचा डोळ्यांना न दिसणारा थर काचेवर राहून गेला होता. सिलिकॉनच्या अवशेषावर पीयू चिकटत नाही, आणि थिनरचे फडके तो अवशेष काढण्याऐवजी सर्वत्र पसरवते. ज्यांच्याकडे आधी सिलिकॉन वापरलेले आहे त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी: काच यांत्रिक रीतीने, म्हणजे पाते आणि बारीक घर्षक पावडर वापरून, पाण्याचा थेंब सपाट पसरेपर्यंत घासावी लागते. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर सिलिकॉन अजून आहे असे समजावे.

दुसऱ्या खेपेला लोखंडी अँगल ग्राइंडरने चकचकीत होईपर्यंत घासला आणि त्याला दोन घटक मिसळून तयार होणारे इपॉक्सी प्रायमर, म्हणजे पकड देणारा पहिला पातळ थर, लावले. काचेच्या कडेला आधी क्लीनर फिरवून लगेच कोरड्या फडक्याने पुसले आणि मग काळे काच-प्रायमर लावून ते सुकायला दहा-पंधरा मिनिटे दिली. हे काळे प्रायमर म्हणजे या व्यवस्थेतील खरा मध्यस्थ आहे. त्यातील सिलेन जातीची संयुगे एका हाताने काचेच्या पृष्ठभागाशी बंध जोडतात आणि दुसऱ्या हाताने पीयूशी. शिवाय त्याचा काळा रंग सूर्यप्रकाशाला सांध्यापर्यंत पोहोचू देत नाही. त्याची लहानशी बाटली सीलंटच्या ६०० मिलीच्या पाउचपेक्षा महाग पडली आणि बाटली उघडल्यावर हवेतील वाफेने ते लवकर खराबही होते, म्हणून कारागीर ते टाळतात. माझ्या मते सीलंटवर थोडी काटकसर एक वेळ चालेल, प्रायमरवर मुळीच चालणार नाही.

सांध्याच्या जाडीबद्दलही येथेच लिहितो. आपल्याला गोंदाची सवय असल्यामुळे थर जितका पातळ तितकी पकड घट्ट असे वाटते. काचेच्या बाबतीत हे उलट आहे. उष्णतेने काच दर अंशाला मीटरमागे सुमारे ९ मायक्रोमीटर वाढते, लोखंड १२ आणि ॲल्युमिनियम २३. जानेवारीच्या पहाटे दहा अंशांवर असलेली चौकट मेमध्ये सत्तरीला पोहोचते असे धरले, तर चार फुटांच्या लांबीत लोखंड आणि काच यांच्या वाढीत ०.२ मिलीमीटरचाच फरक पडतो, पण ॲल्युमिनियम आणि काच यांच्यात तो १ मिलीमीटरच्या घरात जातो. ही ओढाताण रोज सकाळ-संध्याकाळ चालू असते. तिला सामावून घेण्यासाठी मध्ये ४ ते ५ मिलीमीटर जाडीचे रबर हवे. या प्रकारची सीलंटे ताणली तर आपल्या लांबीच्या चौपट-पाचपट होईपर्यंत तुटत नाहीत, परंतु त्यांना ताणायला जागाच ठेवली नाही तर तो गुण वाया जातो. आम्ही काचेखाली ठरावीक अंतरावर ५ मिलीमीटरचे रबरी तुकडे ठेवले, नोझलला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडून सीलंटची त्रिकोणी उभी धार सोडली आणि काच रबरी तुकड्यांवर टेकेपर्यंत दाबली. बाहेरून ॲल्युमिनियमची पट्टी झाकण म्हणून लावली. हे काम जुलैत पावसाने उघडीप दिलेल्या एका सकाळी केले, त्यामुळे चौथ्या दिवशी सांधा आतपर्यंत पक्का झाला. उघडीप महत्त्वाची, कारण हवा दमट असणे चांगले असले तरी पृष्ठभागच ओला असेल तर कार्बन डायऑक्साइड एकदम सुटतो आणि सीलंट अनारशासारखे जाळीदार होते.

तेव्हापासून जिन्यावर पाण्याचा एक थेंबही पडलेला नाही.

मोटारीच्या काचेचा अनुभव सेवेचाही आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. अमरावती रस्त्यावर कोंढाळीच्या अलीकडे ट्रकच्या चाकाखालचा खडा उडून काचेला डोळ्याएवढी टिचकी पडली. आठवडाभर मी दुर्लक्ष केले. एका दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीत बसून वातानुकूलन यंत्र पूर्ण सोडले आणि टिचकीपासून तडा सरसरत दुसऱ्या टोकापर्यंत गेला. पुढची काच दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पडदा घालून बनवलेली असते, त्यामुळे ती विखुरली नाही. मात्र ती बदलावी लागली. विम्यात काचेवर घसारा लागत नाही, ही जमेची बाजू. सीलंट आणि प्रायमरचे पैसे मात्र मला वेगळे मोजावे लागले.

जुन्या ॲम्बॅसॅडरची काच रबराच्या गॅस्केटमध्ये बसवलेली असे आणि ती निघाली तरी पाणी येण्यापलीकडे मोठे काही बिघडत नसे. आताच्या गाड्यांत काच पीयूने थेट पत्र्याला चिकटवलेली असते आणि ती गाडीच्या सांगाड्याचाच भाग होते. गाडी उलटली तर छप्पर दबू न देण्यात तिचा वाटा असतो आणि अनेक गाड्यांत सहप्रवाशाच्या समोरची एअरबॅग फुगताना याच काचेवर आदळून प्रवाशाकडे वळते. एअरबॅगच्या धक्क्याने काचच निखळून बाहेर गेली तर एअरबॅगचा उपयोग उरत नाही. म्हणून या कामाला साधे सांधे भरण्याचे पीयू चालत नाही. काच चिकटवण्यासाठीचे वेगळे, अधिक घट्ट आणि बळकट पीयू लागते. सांधे भरण्याच्या पीयूचा कठीणपणा शोअर ए या रबराचा कठीणपणा मोजण्याच्या मापावर साधारण ४० असतो, काचेसाठीच्या पीयूचा ५५ ते ६० च्या आसपास. दोन्हींचे पाउच काळे, दोन्हींवर पीयू लिहिलेले आणि एकाच कंपनीच्या मालिकेत फक्त क्रमांक वेगळा, त्यामुळे गिऱ्हाइकाने क्रमांक वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

ज्या वर्कशॉपमध्ये मी गाडी दिली तेथील मिस्त्रींचा हात खरोखर चांगला होता. त्यांनी जुनी काच पियानोच्या तारेसारख्या तारेने कापून काढली आणि पत्र्यावरचे जुने सीलंट पूर्ण न खरवडता एक-दोन मिलीमीटरचा थर राखला. मी आधी याला आळस समजलो होतो. पण नुकत्याच कापलेल्या जुन्या पीयूसारखा नव्या पीयूला दुसरा चांगला आधार नाही, आणि पत्र्यापर्यंत खरवडले तर रंगावर ओरखडे पडून तेथून गंज सुरू होतो. एका ठिकाणी तारेमुळे ओरखडा पडलाच होता. त्यावर प्रायमर लावा असे मला सांगावे लागले, आणि त्यांनी “काही होत नाही साहेब” असे म्हणत का होईना, लावले. नव्या काचेची कड बोटाने धरल्यामुळे प्रायमर लावलेल्या पट्टीवर घामाचा ठसा उमटला होता, तोही मी दाखवून दिला. असे गिऱ्हाईक कोणालाही आवडत नाही, याची मला जाणीव आहे.

खरा मतभेद वेळेवरून झाला. काच सकाळी साडेदहाला बसली आणि “तासाभराने गाडी घेऊन जा” असे मला सांगण्यात आले. मी पाउच मागून घेतला. त्यावर गाडी सुरक्षितपणे चालवण्यायोग्य होण्याचा जो अवधी छापला होता तो तासाभरापेक्षा बराच जास्त होता, आणि तोही २३ अंश व ५० टक्के आर्द्रतेसाठी. बाजारात तासाभरात तयार होणारे वेगवान प्रकार आहेत, परंतु हा त्यांतील नव्हता. उन्हाने लवकर होईल हा युक्तिवाद येथेही पुढे आला. मी गाडी रात्रभर तेथेच ठेवली. मिस्त्रींनी त्याला नकार दिला नाही आणि त्याचे वेगळे पैसेही घेतले नाहीत, याची नोंद करणे योग्य होईल. पुढचे दोन दिवस गाडीची एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी, कारण बंद गाडीचे दार आपटले की आतील हवेचा दाब कच्च्या सांध्यावर येतो, आणि धुण्याच्या फवाऱ्याखाली गाडी नेऊ नये, या दोन्ही सूचना मला कोणी दिल्या नाहीत. गाडी देताना त्या एका चिठ्ठीवर लिहून द्यायला काहीच खर्च येत नाही. एकंदरीत हाताच्या कामाला मी पाचपैकी चार गुण देईन आणि गिऱ्हाइकाला माहिती देण्याला दीड.

शोकेसबद्दल थोडक्यात सांगतो, कारण चूक सर्वस्वी माझीच होती. सागवानी चौकटीच्या दर्शनी बाजूला साधी पारदर्शक काच मी स्वतः पांढऱ्या पीयूने चिकटवली. लाकडाला पीयू फार सुरेख धरते, पकडीबद्दल आजही तक्रार नाही. परंतु शोकेस पश्चिमेच्या खिडकीसमोर आहे आणि काचेतून सांधा उघडा दिसतो. दिवाळीपर्यंत पांढरी रेघ हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखी पिवळी झाली आणि एप्रिलमध्ये काचेलगतचा थर भुकटीसारखा सुटू लागला. पीयूला अतिनील किरणे सोसत नाहीत. मोटारीच्या काचेच्या कडेला जी काळी पट्टी असते ती शोभेसाठी नसून काचेवर भाजून पक्का केलेला सिरॅमिकचा रंग असतो आणि त्याच्या आड सांधा लपलेला असतो. छताच्या बाबतीत काळे प्रायमर, बाहेरची पट्टी आणि स्वतः लॅमिनेटेड काच, जिच्यातील पीव्हीबीचा पडदा अतिनील किरणे जवळजवळ पूर्णपणे अडवतो, अशी तिहेरी राखण होती. शोकेसला यांपैकी काहीच नव्हते. जेथे पारदर्शक काचेतून सांध्यावर ऊन पडणार आहे तेथे सिलिकॉनच योग्य. मोठ्या इमारतींच्या दर्शनी भागावर काचा चिकटवण्यासाठी स्ट्रक्चरल, म्हणजे काचेचा भार पेलणारे, सिलिकॉनच वापरतात, त्यामागे हेच कारण आहे. पॉलिकार्बोनेटच्या पत्र्यालाही पीयू न लावलेलेच बरे, कारण काही प्रायमरमधील द्रावकांमुळे त्याला बारीक तडे जातात.

खरेदीच्या बाबतीत नागपूरकरांनी तारखेकडे विशेष लक्ष द्यावे. न उघडलेल्या पाउचचे किंवा नळीचे आयुष्य साधारण ९ ते १२ महिने असते आणि तेही २५ अंशांखाली साठवल्यास. आपल्याकडे दुकानाच्या माळ्यावर, टिनाच्या पत्र्याखाली एक उन्हाळा काढलेला माल तारखेच्या आत असला तरी भरवशाचा नसतो. पाउच हातात घेऊन सर्व बाजूंनी दाबून पाहावा; कोठेही गाठ लागली तर परत द्यावा. मी असा एक परत दिला, दुकानदाराने कुरकुर केली, पण बदलून दिला. सॉसेजच्या आकाराच्या पाउचला वेगळी, नळकांड्यासारखी बंद गन लागते, नळीची साधी गन चालत नाही. घरच्या लहान कामासाठी ३०० मिलीच्या आसपासची नळीच घ्यावी. पाउच मिलीमागे स्वस्त पडतो, पण एकदा कापला की उरलेला माल टिकत नाही.

वापरताना आणखी एक मोह टाळावा. सांध्यावरून बोट फिरवून तो गुळगुळीत करण्यासाठी किंवा डाग पुसण्यासाठी स्पिरिट किंवा सॅनिटायझर वापरण्याची आपल्याला सवय असते. ताज्या पीयूला अल्कोहोल लागले की आयसोसायनेट पाण्याची वाट न पाहता अल्कोहोलशीच संयोग करते आणि तेवढा भाग कायमचा चिकट राहतो. डाग आधी कोरड्या फडक्याने उचलावा. पक्का झालेला डाग पात्यानेच निघतो. हातावर पडलेला तर चार दिवस कातडीबरोबरच झिजतो, त्यामुळे नायट्राइलचे हातमोजे घालावेत. मोज्यांचे कारण केवळ स्वच्छता नव्हे. आयसोसायनेटची एकदा ॲलर्जी जडली की पुढे अल्प संपर्कानेही दम्याचा त्रास होऊ शकतो, आणि म्हणूनच युरोपीय संघात ऑगस्ट २०२३ पासून ०.१ टक्क्याहून अधिक मोनोमर (म्हणजे साखळीत न गुंतलेले, सुटे) डायआयसोसायनेट असलेला माल व्यवसायासाठी हाताळणाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचे केले आहे. आपल्याकडे मिस्त्री उघड्या हाताने आणि बंद शटरच्या आड हे काम दिवसभर करतात. माझ्या गाडीच्या कामाच्या वेळी मी मोज्यांची एक जोडी पुढे केली, तेव्हा ती हसून खिशात ठेवण्यात आली.

छताच्या कामातून साधारण अर्धा पाउच उरला होता. तो वाचवण्यासाठी मी तोंड पिळून बांधले, वरून टेप गुंडाळला आणि पिशवीत घालून थंड जागी ठेवला. महिन्याभराने पाहतो तो आत सगळ्याचे एकसंध काळे रबर झालेले. ते फेकून देण्याऐवजी सुरीने त्याच्या बोटभर जाडीच्या चार चकत्या कापल्या आणि या वर्षी कूलर बाहेर काढला तेव्हा त्याच्या लोखंडी स्टँडच्या चारही पायांखाली ठेवल्या. मार्चपासून कूलर रात्रंदिवस चालू आहे, चकत्यांवर सतत पाणी सांडते, पण त्या फुगल्या नाहीत, त्यांना चीर पडली नाही, आणि फरशीवर होणारी ती जुनी घरघर पूर्ण थांबली आहे.